बुधवार मोडू नकोस

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. रात्री सव्वादोनला पाठवलायस, म्हणजे झोप उडालेली दिसते. दर बुधवारी तू तुझ्या खोलीत पोरांसाठी ओपन माइक भरवतोस, कुणीही यावं आणि माइकपाशी उभं राहून आपली कविता, रॅप म्हणावं. गेल्या बुधवारी तिथे चारच पोरं आली, त्यातली दोघं बहीणभाऊ, आणि बाहेर बर्फ. त्याच आठवड्यात तुझ्या एका रीलला दोन लाख व्ह्यूज मिळाले, आणि लॉस एंजेलिसहून कुणाचा तरी फोन आला की शिकागोत काय करतोस, इकडे ये. आता तू विचारतोयस, ‘मावशी, आधी नाव कमवावं आणि मग परत येऊन हेच काम मोठ्या प्रमाणावर करावं, हे जास्त शहाणपणाचं नाही का?’

नाही. उत्तर आधीच देऊन टाकते, मग बाकीचं बोलू. बुधवार मोडू नकोस. चार पोरं येवोत, दोन येवोत, कुणीच न येवो. साडेपाचला दार उघडायचं, माइक लावायचा, आठपर्यंत बसायचं.

तुझी लेखणी चांगली आहे, ताल पक्का आहे, हे लिहीत बसत नाही. ते तुला कळतं आणि मलाही. गाणं माणसं जोडण्यासाठी आहे, यावर आपलं कधी दुमत नव्हतं. दुमत आहे ते आधी काय आणि नंतर काय, एवढ्यावरच. पण तेवढ्यावरच सगळं ठरतं, म्हणून इतकं लांब लिहितेय.

तू ज्या विद्यापीठात शिकतोस त्याच्या दक्षिण टोकाला मॅक्सवेल स्ट्रीट आहे. आज तिथे वसतिगृहं आणि दुकानं दिसतात. एके काळी तिथे दर रविवारी बाजार भरायचा. दक्षिणेतून, मिसिसिपीतून कामधंद्यासाठी आलेली काळी माणसं आठवडाभर कारखान्यांत राबायची आणि रविवारी तिथे गिटार घेऊन उभी राहायची. शेजारच्या दुकानातून, नाहीतर कुणाच्या खिडकीतून विजेची वायर ओढायची, दुकानदाराला चार पैसे द्यायचे आणि अ‍ॅम्प्लिफायर चालू करायचा. बाजाराच्या गलबल्यात साध्या गिटारचा आवाज पोचणार कसा? शिकागोचा विजेवरचा ब्लूज, म्हणजे काळ्या लोकांचं ते दुःखाचं गाणं, अशाच जागांमधून घडला. ब्लूजचा मोठा गायक मडी वॉटर्स १९४३ मध्ये या शहरात आला तेव्हा तोही असाच पोटासाठी आलेला होता. १९९४ मध्ये विद्यापीठाच्या विस्तारासाठी तो बाजार तिथून हलवला. त्या बाजारातल्या कित्येक वादकांची नावं आज कुणालाच आठवत नाहीत, पण रविवारी मॅक्सवेलला गाणं असतं हे अख्ख्या शहराला माहीत होतं. कुणाला विचारावं लागत नव्हतं, कुणाला आमंत्रण लागत नव्हतं.

मला तुझ्या बुधवारचं असंच व्हायला हवंय.

तू मेलमध्ये चान्स द रॅपरचं उदाहरण दिलंयस. त्याने आधी ग्रॅमी मिळवलं, मग २०१७ मध्ये शिकागोच्या सरकारी शाळांना दहा लाख डॉलर दिले. म्हणजे आधी मोठं व्हावं आणि मग द्यावं, असा तुझा हिशोब. तू ही गोष्ट शेवटाकडून वाचतोयस. सुरुवातीपासून वाच. २००९ मध्ये हॅरोल्ड वॉशिंग्टन ग्रंथालयात, स्टेट स्ट्रीटवरच्या त्या लाल विटांच्या मोठ्या इमारतीत, तळमजल्यावर हायस्कूलच्या मुलांसाठी यूमीडिया नावाचा विभाग सुरू झाला. पुस्तकं होतीच, शिवाय संगणक, कॅमेरे आणि गाणं रेकॉर्ड करायला एक छोटा स्टुडिओ, सगळं फुकट. चान्सची शाळा त्याच रस्त्यावर, चालत जाण्याच्या अंतरावर. शाळा सुटली की तो तिथे जायचा. पुढे शाळेने त्याला दहा दिवसांसाठी काढलं, तेव्हा सुरू केलेल्या गाण्यांतून त्याची २०१२ ची पहिली मिक्सटेप, म्हणजे स्वतःच काढलेला गाण्यांचा संग्रह, झाली.

आता त्या खोलीत कोण होतं ते बघ. तिथे माइक हॉकिन्स नावाचा एक कवी-शिक्षक होता. पोरं त्याला ब्रदर माइक म्हणायची. तो मुलांचं ऐकायचा, त्यांच्या ओळी तपासायचा, लाजणाऱ्याला माइकपाशी आणायचा. त्या खोलीतून चान्स आला, नोनेम आली, साबा येऊन गेला, सगळे पुढे नावाजलेले रॅपर. डिसेंबर २०१४ मध्ये ब्रदर माइक गेला, वयाची चाळिशीही न गाठता. त्यानंतर चान्स आणि कवी माल्कम लंडन यांनी त्याच ग्रंथालयात हायस्कूलच्या मुलांसाठी ‘ओपन माइक’ भरवायला सुरुवात केली. नावातला ‘माइक’ म्हणजे तोच माणूस. शाळेचं ओळखपत्र दाखवलं की आत. मोठ्यांना प्रवेश नव्हता.

तर दहा लाख डॉलर हे त्या खोलीचं फळ आहे. मूळ आहे रोज तिथे बसलेला एक माणूस. तू फळाकडे बघून झाड लावायचं टाळतोयस, आणि मला याचाच राग येतो.

ती खोली शहराच्या मध्यभागी, लूपमध्ये होती, यालाही अर्थ आहे. शिकागोची वस्ती रंगावरून कशी वाटली गेली आहे हे तू तीन वर्षांत पाहिलंयस. साउथ साइडचा मुलगा वेस्ट साइडला सहज जात नाही. कुठला चौक कुणाचा हे त्याला माहीत असतं. पण ‘एल’च्या, म्हणजे शहरातल्या लोकल गाड्या चहूकडून लूपमध्येच येतात. तिथे वेगवेगळ्या वस्त्यांतली मुलं एकमेकांना पहिल्यांदा भेटली. तू पिल्सनमध्ये खोली घेतलीस तेव्हा भाडं बघून घेतलीस, हे मला माहीत आहे. तरी पिंक लाइनचं स्टेशन चालत जाण्यासारखं आहे आणि कॉफीचं दुकान पुढे असल्यामुळे आत येताना कुणाच्या नजरा टोचत नाहीत. ही जागा सोडू नकोस. घरमालकाशी वर्षाचा करार करून टाक. त्याला प्रत्येक महिन्याला नव्याने विचारत बसलास तर एखाद्या महिन्यात तो नाही म्हणेल.

यंग शिकागो ऑथर्स ही संस्था १९९१ मध्ये सुरू झाली. तिचा ‘वर्डप्ले’ म्हणजे दर मंगळवारचा ओपन माइक. मी तिथे मागच्या खुर्चीवर बसून पुष्कळ मंगळवार ऐकलेत. सुमार कविताही खूप ऐकल्या आणि त्यांचा मला कंटाळा आला नाही, कारण सुमार कविता वाचणारं पोरगं पुढच्या मंगळवारी परत यायचं. त्याच संस्थेने २००१ मध्ये शाळाशाळांतल्या मुलांची कवितास्पर्धा सुरू केली आणि ती देशभर गाजली. लोक स्पर्धेबद्दल लिहितात. स्पर्धेला मुलं आली कुठून, तर मंगळवारांमधून.

डेट्रॉइटचंही तसंच. नव्वदच्या दशकात तिथल्या सेव्हन माइल रस्त्यावर मॉरिस मलोनचं कपड्यांचं दुकान होतं, हिप हॉप शॉप. शनिवारी दुपारी कपड्यांचे रॅक बाजूला सारून ओपन माइक व्हायचा. लोक त्याची आठवण काढतात ती एमिनेमसाठी. मला आठवतो प्रूफ, जो तिथे सूत्रधार म्हणून उभा राहायचा, कुणाला आधी सोडायचं, कुणाला थांबवायचं, हमरीतुमरीवर आलेल्यांना कसं शांत करायचं हे बघायचा. २००६ मध्ये त्याला गोळी लागली आणि तो गेला. डेट्रॉइटची जुनी माणसं आजही त्याच्याबद्दल बोलताना त्या शनिवारांबद्दलच बोलतात. आणि मिनिॲपोलिस बघ. तिथल्या पोरांनी १९९५ मध्ये राइमसेयर्स नावाची स्वतःची कंपनी काढली आणि न्यूयॉर्कला न जाता थंडीनं गोठलेल्या त्या शहरातूनच देशभर गाणं पोचवलं. मिडवेस्टमध्ये, देशाच्या या मधल्या पट्ट्यात, हे पुन्हा पुन्हा घडलंय, कारण इथे रॅपच्या मोठ्या कंपन्यांची ऑफिसं फारशी नव्हती. जे होतं ते एकमेकांत होतं.

हिप हॉपच्या अगदी मुळाशी जायचं तर ११ ऑगस्ट १९७३ ची ब्राँक्समधली पार्टी. डीजे कूल हर्कचं नाव तुला पाठ आहे. पण ती पार्टी ठरवली त्याच्या बहिणीने, सिंडी कॅम्पबेलने. शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायला पैसे हवे होते म्हणून. जागा तिने घेतली, तिकीट तिने लावलं. जागा घेणाऱ्या माणसांची नावं इतिहासात मागे पडतात, आणि तुला आज नेमकी त्याचीच भीती वाटतेय, असं मला तुझ्या मेलमधून वाटलं. ती भीती खोटी नाही. पण तिच्यासाठी बुधवार बंद करायचा नसतो.

गावाकडचं भजनी मंडळ आठव. एकादशीला देवळात टाळ-पखवाज निघतात. किती जण आले याची नोंद कुणी ठेवत नाही. पाऊस असला तरी विणेकरी उभा असतो. एखाद्याला सूर लागत नाही, तोही ध्रुपद धरतो आणि दहा वर्षांत त्याला सूर लागायला लागतो. तुझे आजोबा अशा मंडळात होते असं तूच मला सांगितलंस. त्यांनी कधी, ‘आधी आकाशवाणीवर गाऊन येतो, मग एकादशीला बसतो’, असं म्हटलं असतं का?

माझ्या गुरुवारांबद्दल तुला अर्धवटच माहीत आहे. आज पूर्ण सांगते, कारण तुझ्या मेलमधली काही वाक्यं मी पूर्वी एका बैठकीत ऐकलेली आहेत.

मी साउथ साइडला गणित शिकवत होते तेव्हा तिथल्या एका चर्चच्या तळघरात आम्ही काही जण गुरुवारी संध्याकाळी मुलांना बसवायचो. आवाजाचा एक जुना मिक्सर, दोन माइक, एक पोरगा टेबलावर बोटांनी ठेका धरायचा. मला रॅप येत नाही, अजूनही येत नाही. मी यादी लिहायची, खाणं आणायची, आणि शेवटची बस चुकली तर पोरांना घरी सोडायची. मग एका संस्थेचा निधी मिळाला. पहिलं वर्ष छान गेलं. दुसऱ्या वर्षी बैठकीत कुणीतरी म्हणालं, दर आठवड्याला बारा-पंधरा मुलांवर एवढा खर्च कशाला? तीन महिन्यांतून एकदा मोठा कार्यक्रम करू, तीनशे माणसं येतील, फोटो येतील, अहवालात आकडा दिसेल. ‘आधी मोठं करू, मग खोलवर जाऊ’, हे त्यांचे शब्द. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझं म्हणणं मी मांडलं, पण मी होते साडी नेसून आलेली गणिताची बाई, रॅपबद्दल माझं कोण ऐकणार? मोठा कार्यक्रम झाला. सभागृह भरलं. रंगमंचावर मात्र जी मुलं आधीच तयार होती, ज्यांच्या घरचे त्यांना गाडीतून आणू शकत होते, तीच होती. गुरुवारी तळघरात कोपऱ्यात बसणाऱ्यांपैकी कुणी दिसलं नाही. गुरुवार नाही म्हटल्यावर ती पोरं कुठे गेली, काहींचा मला आजपर्यंत पत्ता नाही. हे शल्य माझ्या मनातून गेलेलं नाही आणि जाऊही नये.

त्यानंतर आम्ही तिघांनी दुसऱ्या चर्चमध्ये खोली मागितली आणि निधीशिवाय गुरुवार पुन्हा सुरू केला. तेव्हापासून मी या बाबतीत कुणाचं ऐकत नाही. मला हट्टी म्हणतात. म्हणू देत.

याच दुसऱ्या खोलीत एक मुलगी यायची. सोळा वर्षांची असेल. आल्याबरोबर यादीत नाव लिहायची आणि तिची पाळी जवळ आली की पेनाने खोडून टाकायची. नुसती रेघ नाही, अक्षर वाचता येऊ नये इतकं गिरवून खोडायची, कागद फाटायचा. कित्येक गुरुवार हे चाललं. आम्ही तिला काही बोललो नाही; पुढच्या वेळी यादीचा कागद तिच्यापुढे तसाच सरकवायचो. एका गुरुवारी तिने नाव खोडलं नाही. उठली, माइकपाशी आली आणि लोकांकडे पाठ करून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. सूत्रधार होता आमचाच एक अठरा वर्षांचा मुलगा. तो काही बोलला नाही. त्याने माइकचा स्टँड उचलला, वळसा घालून तिच्या आणि भिंतीच्या मध्ये ठेवला, उंची खाली केली आणि बाजूला झाला. तिने पूर्ण वाचलं, भिंतीला. खोलीत वीसेक पोरं होती, एकाचाही फोन वाजला नाही.

ती पुढे मोठी रॅपर झाली नाही. तिने नंतर आमची खोली चालवली, किल्ली तिच्याकडे असायची, आणि आज ती एका नाट्यगृहात ध्वनीचं काम बघते. आता तू सांग, तिने नाव खोडलं त्या गुरुवारांपैकी एका गुरुवारी दार बंद असतं तर? आपल्याला कधीच कळत नाही की कुणाचा कुठला वार आहे. म्हणून सगळे वार पाळायचे. दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

मला घरच्यांनी, आपल्या लोकांनी खूप ऐकवलं. माझ्या नवऱ्याला कॅलिफोर्नियात बढती मिळत होती. आम्ही गेलो नाही. त्याचंही मन इथेच होतं, पण लोकांनी दोष मला दिला. मंडळाच्या गणपतीत बायका विचारायच्या, ‘तू त्या वस्तीत रात्रीची जातेसच कशाला?’ ‘त्या वस्तीत’ म्हणताना त्यांचा आवाज कसा व्हायचा ते मला आजही बोचतं. ज्यांच्या लढ्यामुळे या देशाचे कायदे बदलले आणि आपल्यासारख्यांना दारं उघडली, त्यांच्याबद्दल आपण असं बोलायचं? १९६५ चा तो इमिग्रेशन कायदा नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातच झाला. तो नसता तर आपली मंडळंही इथे उभी राहिली नसती. मी गुरुवारी गेले म्हणून माझं काही बुडालं नाही. मुलगी वाढली, घराचे हप्ते फिटले. मला अजिबात पश्चात्ताप नाही, आणि हे मी तुला पटवण्यासाठी लिहितेय की स्वतःला, ते जाऊ दे. दोन्हीसाठी असेल.

तू दुसरा प्रश्न विचारलायस तो मात्र मला आवडला : ‘मी साताऱ्याचा मुलगा, हे गाणं काळ्या लोकांचं, मला इथे खोली चालवण्याचा काय हक्क?’ हक्क नाही. तू पाहुणा आहेस, आणि हे विसरलास तर मी स्वतः येऊन तुला आठवण करून देईन. पण पाहुण्याने वेळेवर यावं, खुर्च्या लावाव्यात, आणि घरच्यांना बोलू द्यावं. तू आत्तापर्यंत प्रत्येक बुधवारी सूत्रधार स्वतःच राहिलायस. ते थांबव. तुझा माइक पोरांच्या हातात दे. तुझं नाव यादीत सगळ्यात शेवटी हवं, आणि वेळ संपला तर तुझं राहू दे. मुंबईतही स्वदेशी नावाच्या रॅप-गटाच्या पोरांनी मराठीत, गुजरातीत, बंगालीत रॅप केलं ते आपापल्या घरच्या भाषेतून आणि आरेच्या जंगलासाठी उभं राहून. ब्राँक्सच्या उसन्या आवाजात नाही. तूही मराठीत म्हण. पिल्सनमधल्या मेक्सिकन पोरांना तुझी मराठी कळणार नाही, पण तू आपल्या भाषेत बोलतोयस हे कळेल, आणि मग तीही स्पॅनिशमध्ये लिहायला लागतील. हे मी होताना पाहिलंय.

‘नोनेम गेलीच ना लॉस एंजेलिसला?’ असं तू म्हणशील. गेली. आणि २०१९ मध्ये तिने पुस्तकवाचनाचा गट सुरू केला, शहराशहरांत त्याच्या बैठका होतात, तुरुंगातल्या माणसांना पुस्तकं जातात. ती ब्रॉन्झव्हिलमध्ये वाढली, आईच्या पुस्तकांच्या दुकानात. म्हणजे काय नेलं तिने बरोबर? माणसांनी ठरवून एकत्र बसण्याची सवय नेली. तुझ्याकडे ती सवय अजून पुरती मुरलेली नाही. एका वर्षाच्या बुधवारांनी मुरत नाही. मुरली की जा, मी तुला स्टेशनवर सोडायला येईन.

आता एक अवघड गोष्ट, आणि ही मी टाळणार होते. या शहरात खोली चालवणाऱ्याला एक दिवस असा येतो की नेहमी येणारं एक पोरगं कायमचं येत नाही. साबा आणि त्याच्या सोबत्यांनी ऑस्टिन भागात आजी-आजोबांच्या घराच्या तळघरात गाणं सुरू केलं, पिव्हट गँग नाव घेतलं. त्यातला एक साबाचा जवळचा नात्यातला भाऊ, जॉन वॉल्ट. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याला भर शहरात भोसकून मारलं. चोविसाव्या वर्षी. घरच्यांनी आणि मित्रांनी त्याच्या नावाने संस्था काढली, तरुण कलाकारांना मदत करायला. आणि त्याच्या वाढदिवसाच्या सुमारास दर वर्षी गाण्याचा कार्यक्रम ठेवला. दुःखालासुद्धा त्यांनी दिवस ठरवून दिला. तुझ्याकडे असा प्रसंग येऊ नये असं मी मनापासून म्हणते. पण आला, तर पोरं कुठे जातील? घरी मन मोकळं करता येत नाही, शाळेत समुपदेशक एक आणि मुलं शेकड्यांनी. ती बुधवारी तुझ्या दाराशी येतील, कारण बुधवारी ते दार उघडं असतं हे त्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी कुणी गाणार नाही कदाचित. तरी दार उघडं हवं.

२०१३ मध्ये या शहराने एका दमात पन्नासेक शाळा बंद केल्या, बहुतेक काळ्या वस्त्यांतल्या. पुस्तकं, बाकं दुसरीकडे गेली. पण कुठल्या मुलाला कोणती बाई कोणत्या वर्गात सापडते, हे कुठेच हलवता आलं नाही. ते तुटलं ते तुटलंच. या मुलांच्या आयुष्यातून ठरलेल्या जागा अशा एकेक करून काढून घेतल्या जातात. आणि तू, ज्याने एक जागा ठरवून दिलीस, तूच ती काढून घ्यायची म्हणतोस? दोन लाख व्ह्यूजसाठी? त्या दोन लाखांतला एकही खुर्च्या आवरायला येणार नाही रे बाळा.

रागावले. पाणी पिऊन पुढे लिहितेय.

कामाचं सांगते. थंडीत लवकर अंधार पडतो, म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठऐवजी साडेसातला संपव. लहान पोरांच्या आया त्यामुळे पाठवतात. यादी कागदावरच ठेव, फोनवर नाही. पोरांना आपलं नाव हाताने लिहू दे. प्रत्येकाला तीन मिनिटं, नव्याला पहिला मान, आणि पहिल्यांदा येणाऱ्यासाठी सगळ्यांनी टाळ्या वाजवायच्या, कविता कशीही असो. खायला गरम काहीतरी ठेव, चिप्सची पाकिटं पुरत नाहीत; बरीच मुलं दुपारपासून उपाशी असतात आणि सांगत नाहीत. व्हेंट्राचे, म्हणजे बस-गाडीचे, थोडे जास्तीचे पास तुझ्याकडे असू देत आणि ते मागायची वेळ कुणावर आणू नकोस. दाराशी वाटीत ठेव. जे गात नाहीत त्यांना काम दे : एकाने आवाज बघायचा, एकाने यादी, एकाने दार. गाणारे येतात-जातात, काम असलेलं पोरगं टिकतं. बीट लॅपटॉपवर चालतील, पण महिन्यातून एक बुधवार नुसता टेबलावरचा ठेका आणि गोलात उभं राहून सायफर, म्हणजे एकामागून एक पाळीपाळीनं रॅप. तिथे कोण कुणाचं ऐकतंय ते दिसतं.

तुझ्या व्हिसाचंही बघ. विद्यार्थी म्हणून आला आहेस. पैसे घेऊन कुठेही कार्यक्रम करण्याआधी विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांच्या कार्यालयात जाऊन विचार. लॉस एंजेलिसचा माणूस हे सांगणार नाही, त्याचं त्यात काही जात नाही.

लॉस एंजेलिसला जायचंच असेल तर शुक्रवारी जा, सोमवारी परत ये. त्या माणसाला भेट, गाणं ऐकव, काय म्हणतो ऐकून घे. त्याने चांगला प्रस्ताव दिला तर मलाही आनंद होईल. तू गावंस, मोठं व्हावंस, हे मला नको आहे असं समजू नकोस. मात्र कायमचं जायची वेळ येईल तेव्हा किल्ली आधी दुसऱ्याच्या हातात गेलेली हवी. तू नसताना बुधवार भरला, पोरांनी तो भरवला, यादी झाली, वायर गुंडाळून जागेवर गेली, असं निदान हिवाळाभर होऊ दे. मग तू मोकळा. बुधवार तुझ्या नावावर नाही. तो त्यांचा आहे, तू सध्या तो सांभाळतोयस. सांभाळणाऱ्याने मध्येच हात काढायचा नसतो.

माझ्याकडे आठ चॅनेलचा जुना मिक्सर पडून आहे. एक फेडर खरखरतो, बाकी ठीक चालतो. तुझा चार चॅनेलचा आता पुरणार नाही. शनिवारी दुपारी कुणाची तरी गाडी घेऊन ये, जड आहे, एकट्याला उचलणार नाही. येताना तुझ्या खोलीतलं एखादं मोठं पोरगं बरोबर आण, जे आवाजाकडे लक्ष देतं असं तुला वाटतं. त्याला कुठली कळ कशाची ते मी दाखवीन. तू दाखवू नकोस. जेवायलाच या दोघंही, थालीपीठं करते. त्या पोराला तिखट चालतं का ते मात्र आधी विचारून कळव.

तुझी,
मावशी